खलाशी नावाचा गडी

दाजी मणचेकरांनी टेलिफोनसाठी नाव नोंदवलं तेव्हा त्यांची मुलगी उत्तरा तिशीत होती. टेलिफोन घरात आला तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती आणि दाजींना जाऊन काही महिने झाले होते. लाईनमनने विचारलं, "कुठे बसवू?" तिने दाजींच्या खुर्चीशेजारचं स्टूल दाखवलं, ती जागा कितीतरी वर्षांपूर्वीच ठरली होती. वायर ओढून झाल्यावर तो म्हणाला, "लागतोय का बघा. कुणालातरी करा." उत्तराने रिसीव्हर उचलला आणि तिच्या लक्षात आलं, की घरून फोन करावा असं आपलं कुणीच नाही. शेवटी तिने ऑफिसचाच नंबर फिरवला. ऑफिस सुटलेलं होतं. तिकडे नुसती घंटा वाजत राहिली. "लागला," ती म्हणाली आणि लाईनमनसाठी चहा टाकायला आत गेली.

हे कल्याणजवळच्या मोहन्यातलं, त्र्याण्णव सालचं.

दाजी देवगडकडून कारखान्यात कामाला आले आणि मोहन्याचेच होऊन गेले. उत्तराही त्याच कारखान्यात लागली, टेलिफोन ऑपरेटर म्हणून. साहेबाला मुंबई जोडून दे, स्टोअरला गेट जोडून दे, असं करत तिची वीस वर्षं कानाला हेडफोन लावून गेली. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम तिने पहिल्या दिवसापासून पाळला. स्थळं आली, नाही असं नाही. पण आधी आईचं आजारपण, मग दाजींचं, आणि मधल्या काळात येणारी माणसं पत्रिका परत न्यायलाही येईनाशी झाली. पुढे कारखान्यात आपोआप जोडणारं एक्स्चेंज आलं, तिचा बोर्ड उपटून भंगारात गेला आणि तिला कॉम्प्युटरच्या खोलीत आकडे भरायला बसवलं.

त्या खोलीत पंढरी नावाचा इंजिनिअर होता. कल्याणला भाड्याच्या खोलीत राहायचा, डबा खायचा, आणि डोक्यात सतत काहीतरी शिजत असायचं. एकदा त्याने विचारलं, "ताई, तुमच्याकडे फोन आलाय ना? संध्याकाळी वापरता?"

"कुणाला करू?"

"मग मला द्या. म्हणजे तुमच्याकडेच राहू द्या, मी फक्त त्याला एक मशीन लावतो."

कारखान्याने विकायला काढलेला एक जुना कॉम्प्युटर त्याने घेतला आणि दाजींच्या खुर्चीसमोर टेबलावर मांडला. मोडेम जोडला. त्याने जे केलं ते थोडक्यात असं होतं: ज्याच्याकडे कॉम्प्युटर, मोडेम आणि फोन आहे त्याने आपल्या घरून उत्तराच्या नंबरला फोन लावायचा. इकडे माणसाऐवजी मशीन फोन उचलणार, आणि तिकडच्या पडद्यावर अक्षरं उमटणार. या ठिकाणाला त्याने नाव दिलं 'खाडी'. तिथे एकमेकांना निरोप लिहिता यायचे, पण लोक यायचे ते पंढरीने लिहिलेल्या खेळासाठी. चौकोनांची जाळी म्हणजे समुद्र. दोघांनी आपापली गलबतं त्यात लपवायची आणि एकेक घर सांगून दुसऱ्याची शोधून बुडवायची. दर फेरीला एक गलबत थोडं सरकवता यायचं, त्यामुळे नुसतं नशीब नव्हतं, समोरच्याचं डोकं वाचावं लागायचं.

दोघांनी एकाच वेळी खेळायचं तर फोनच्या लाईनीही दोन हव्यात. दुसरी लाईन शेजारच्या कमळाबाईंची. त्यांचा मुलगा मस्कतला होता. त्यानेच फोन घेऊन दिला होता आणि दर शुक्रवारी दुपारी तो करायचा. "बाकीचा आठवडा मेला झोपलेला असतो," कमळाबाई म्हणाल्या. "घे तू संध्याकाळचा. फक्त मी इथे येऊन बसणार. माझा टीव्ही बिघडलाय." पंढरीने गॅलरीतून वायर ओढली. कमळाबाई लसूण सोलत पडद्याकडे बघत बसायच्या आणि मधूनच विचारायच्या, "कोण जिंकतंय गं?"

कल्याण-डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासांत पंढरीने चिठ्ठ्या चिकटवल्या. लोकल कॉलमध्ये भागत असल्यामुळे हळूहळू माणसं येऊ लागली. डोंबिवलीची, अंबरनाथची, उल्हासनगरची. खरी नावं कुणी लावायचं नाही. कुणी गरुड, कुणी तोफखाना, कुणी घारापुरी. सहा महिन्यांत पंढरीला बंगलोरची नोकरी लागली. जाताना त्याने उत्तराला सगळं शिकवलं आणि म्हणाला, "कंटाळा आला की बटन बंद करा ताई. कुणी रडणार नाही."

उत्तराने बटन बंद केलं नाही.

पहिली अडचण गरुडने आणली. गरुड म्हणजे कल्याणचा एक तरुण दातांचा डॉक्टर. नवा दवाखाना, पेशंट कुणी नाही, संध्याकाळभर मोकळा. तो सगळ्यांना हरवायचा, तेही चहाचा कप संपायच्या आत. मशीनचा नियम असा होता, की जो आधी आला त्याला नंतर येईल तो गडी द्यायचा. म्हणजे बिचारा नवखा पहिल्यांदा फोन लावायचा आणि थेट गरुडच्या तोंडी जायचा. दोन दिवस मार खाल्ला की तिसऱ्या दिवशी त्याचा फोन यायचा नाही. मुळात माणसं मूठभर, त्यात अशी गळती. उत्तराला हे कळलं ते कमळाबाईंच्या बोलण्यातून. "तो परवाचा अंबरनाथचा कुठे गेला गं? चांगला खेळत होता."

तेव्हापासून जोड्या लावायचं काम तिने मशीनकडून काढून स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी सात वाजता ती टेबलाशी बसायची. लाईनी दोनच, म्हणून कुणी किती वाजता फोन लावायचा याचे निरोप ती मशीनच्याच नावाने टाकून ठेवायची. नवा आला की त्याला नव्यासारखाच कुणी शोधायची. उतावळ्याला थंड माणूस द्यायची. दोघं सतत भांडत असतील तर एकाला थोपवून धरायची. ज्याचं त्या आठवड्यात फार हरून झालं असेल त्याला सोपा डाव मिळेल असं बघायची. कोण आता उठून जाणार हे तिला अक्षरांच्या वेगावरून समजायला लागलं. फोनवर आवाजावरून ओळखायची, तसंच. त्या वर्षी खाडीवर तिशीपर्यंत माणसं झाली, आणि कुणालाही कळलं नाही की जोड्या कुणीतरी लावतंय. ती बाई आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्राचाच एक भाग असल्यासारखी ती मागे होती, आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. निदान तेव्हा तरी.

पण मूठभर माणसांत सगळ्यांच्या जोड्या लागत नाहीत. कुणीतरी उरतंच. एकट्याच आलेल्या माणसाला पडद्यावर पंढरीने लिहून ठेवलेली ओळ दिसायची: "खाडीत तुम्ही एकटेच आहात." ती ओळ वाचून तिकडचा माणूस थोडा वेळ थांबायचा. मग फोन ठेवल्याचा खटका. उत्तराला ते ऐकवत नसे. एका संध्याकाळी घारापुरी असाच एकटा ताटकळत होता. तिने काही विचार न करता आपल्याच मशीनवरून नवं नाव घातलं. तिकडे दिसलं: "खलाशी आले आहेत."

खलाशी चांगला खेळायचा. खेळणारच, वर्षभर उत्तराने सगळ्यांचे डाव बघितले होते. गरुड एकटा पडला की खलाशी त्याला दमवायचा आणि नवखा एकटा पडला की खलाशी नेमकं एक घर चुकायचा.

"अगं, हरलीस की," कमळाबाई म्हणायच्या.

"हरले नाही. त्याला उद्या यायला लावलं."

आणि मग पंचाण्णवच्या दिवाळीनंतर तांडेल आला.

त्याचं पहिलं वाक्य इंग्रजी अक्षरांत, वेडंवाकडं, पण मराठीच: "मी नवा हाय. हळू खेलतंय." आणि तो खरंच हळू खेळायचा. एक घर सांगायला इतका वेळ, की समोरच्याला वाटायचं लाईन तुटली. दुसऱ्यांनी त्याच्याशी एकेकदा खेळून बघितलं आणि त्याचं नाव दिसलं की निघून जायला लागले. उत्तराने त्याच्यासाठी कुणी धीराचा माणूस शोधायचा प्रयत्न केला. मिळाला नाही. मग रोज साडेसातला तांडेल यायचा आणि रोज खलाशी त्याच्यासमोर बसायचा.

हळू खेळणाऱ्याबरोबर बोलायला वेळ मिळतो. जाळीखाली एक ओळ असायची, तिथे लिहिता यायचं. तांडेल कमी लिहायचा, पण रोज लिहायचा. तो डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठी राहायचा. पूर्वी रेतीची लाँच चालवायचा, आता घरीच असे. मुलीचा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास होता. शेवटची बॅच सुटली की एक मशीन त्याचं. मुलीने प्रेसला मजकूर पाठवायला म्हणून मोडेम घेतला होता, तो बापाच्याच जास्त कामी येत होता.

"तू कंचे गावचा?" त्याने एकदा विचारलं.

उत्तराने बोटं कीबोर्डवर धरून ठेवली. मग लिहिलं, "देवगडकडचा. आता मोहन्यात." इतकं खरं होतं.

"लगीन?"

"नाही झालं." हेही खरंच होतं. पण पुढे तिने लिहिलं, "जहाजावर होतो ना. राहून गेलं." आणि तिथून खलाशी नावाचा माणूस उभा राहिला. त्याला कोचीन बंदर ठाऊक होतं, त्याला मासळीतले काटे काढायचा कंटाळा होता, त्याचा एक मित्र समुद्रात बुडाला होता. हे सगळं उत्तरा कुठून काढायची तिचं तिलाच कळायचं नाही. कारखान्यात दिवसभरात ती चार वाक्यं बोलत नसे. संध्याकाळी तांडेलला मात्र ती दाजींची शेवटची रात्रही सांगून बसली, फक्त 'माझे वडील' असं म्हणून. तांडेलने खूप वेळाने लिहिलं, "माझा बा पण असाच गेला. जेवलास का?"

मग तो रविवारी खाडीची मासळी खायचं आमंत्रण द्यायला लागला. "जेवाला ये. निवट्या मिळाल्यान." दर वेळी खलाशीला काही ना काही काम निघायचं. तांडेल रागवायचा नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचा.

दोन वर्षं अशी गेली. डाव बरोबरीचे चालायचे. कधी हा जिंके, कधी तो. ते बरोबरीचे चालावेत हे उत्तरा बघत होती. तांडेल सलग तीन-चार वेळा हरला की त्याची अक्षरं आणखी हळू व्हायची, मग ती एखादं गलबत उघड्यावर ठेवायची. त्याने ते बुडवलं की पडद्यावर यायचं, "बुडविला!!" आणि ती एकटीच हसायची.

अठ्ठ्याण्णव साली डोंबिवलीत, मग कल्याणात सायबर कॅफे निघाले. तिथे तासाचे पैसे भरून बसलं की सगळं जग समोर. मूठभर माणसांच्या खाडीत कोण थांबणार? तोफखाना गेला, घारापुरी गेला. दंतवैद्याचा दवाखाना चालायला लागला होता. गरुडने "वेळ होत नाही" असा निरोप तरी ठेवला. जोड्या लावायला दोन माणसं लागतात, आणि एकेका संध्याकाळी दोनही होईनात. पुढे उरला एकटा तांडेल.

त्याला हे कळू द्यायचं नाही असं उत्तराने ठरवलं. तो यायच्या आधी ती जुन्या लोकांची नावं आत घालून ठेवायची. तांडेलला दिसायचं, गरुड आणि घारापुरी खेळताहेत, तोफखाना वाट बघतोय; लाईनी दोनच आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. मधेच ती एखाद्याला बाहेर काढायची, दुसऱ्याला आत घ्यायची. कमळाबाईंनी एकदा चष्मा लावून नीट बघितलं.

"अगं, हे सगळे तूच?"

"त्याला बरं वाटतं."

कमळाबाई लसूण सोलायच्या थांबल्या. "आणि तुला?" त्यांनी विचारलं. उत्तराने तोफखान्याला बाहेर काढलं.

मग एका सोमवारी तांडेल आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. खाडीत नावं भरलेली आणि फोन गप्प. नाव नोंदवताना प्रत्येकाने नंबर दिलेला असायचा. आठवडा होत आला तेव्हा उत्तराने मोडेमची वायर काढली, रिसीव्हर हातात घेतला आणि तो नंबर फिरवला. कुणीतरी उचलला.

"हॅलो? तांडेल आहेत का?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता. जड, शिट्टीसारखा. मग रिसीव्हरवर बोटाने टकटक केल्याचा आवाज. दोनदा. तिने पुन्हा हॅलो केलं. पुन्हा टकटक. कुणी चेष्टा करतंय असं वाटून तिने फोन ठेवला. वीस वर्षं फोनवर काढलेल्या बाईला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ऑफिसमधून केला. या वेळी एका बाईचा आवाज आला. "मंजुळा कॉम्प्युटर क्लास."

"तांडेल म्हणून कुणी..."

"बाबा! काल तुम्हीच केलेला का? त्यांनीच उचललेला. घशाचं ऑपरेशन झालंय हो त्यांचं, आवाज नाहीये. बोलता येत नाही. आमचा मोडेम बिघडलाय, मुंबईला दिलाय दुरुस्तीला. तुम्ही कोण?"

"मी... खाडीवरून."

"म्हणजे खलाशीकडून? बहीण का तुम्ही त्यांची?" मंजुळाचा आवाज एकदम खुलला. "बरे आहेत ना ते? बाबा सारखे पाटीवर लिहून विचारतायत, खलाशी वाट बघत असेल म्हणून. अहो, एक करा, या रविवारी पाठवाच त्यांना. बाबांना दुसरं कोण आहे? लाँचवरची माणसं सुरुवातीला यायची, मग बोलायचं काय, म्हणून कमी झाली. पूर्वी या लाँचवरून त्या लाँचवर ओरडायचे ना, तर काठावर ऐकू यायचं. येतील ना ते?"

"येतील," उत्तरा म्हणाली.

रविवारी ती डोंबिवलीला गेली. जाताना अनेकदा तिला वाटलं, परत फिरावं. क्लास तळमजल्यावर होता आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. दारातच मंजुळा भेटली. आत कालवणाचा वास होता. गुणाजी नाखवा, म्हणजे तांडेल, इस्त्रीचा शर्ट घालून आणि गळ्याला स्वच्छ पांढरा रुमाल बांधून उभा होता. आडव्या बांध्याचा, केस पिकलेले, हात मोठाले. त्याने उत्तराला नमस्कार केला आणि तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"मागून येतायत का?" मंजुळाने विचारलं.

"नाही," उत्तरा म्हणाली. बसमध्ये तिने बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "खलाशी कुणी नाही. मीच लिहीत होते. रोज. मीच."

मंजुळाला समजायला वेळ लागला. गुणाजीला लागला नाही. तो खुर्चीवर बसला आणि त्याने पाटी मांडीवर घेतली. लहान मुलांची असते तसली, लाकडी चौकटीची. मग लिहिलं, "गरुड?"

"गरुड कधीच गेला. सगळे गेले. ती नावं मीच घालत होते."

"म्हंजे मी एकटाच?"

"हो."

त्याने पाटी पुसली. उत्तराला वाटलं, आता हा आपल्याला जायला सांगेल. त्याने पुन्हा लिहिलं आणि पाटी तिच्याकडे फिरवली. "मी जिकलो ते डाव खरे?"

खोटं बोलायला आणखी एक संधी होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते जमलं नाही. "थोडे खरे होते. थोडे मी सोडले."

"कंचे?"

तिला सगळे आठवत होते. कुठल्या दिवशी कुठलं गलबत आपण उघड्यावर ठेवलं, हे तिला आत्ताही सांगता आलं असतं. "आठवत नाही," ती म्हणाली.

गुणाजीने पाटी उपडी ठेवली. थोड्या वेळाने त्यानेच मंजुळाला हाताने खूण केली, आणि मंजुळाने ताटं वाढली. निवट्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. तिघंही जेवली. गुणाजी प्रत्येक घास जपून गिळत होता. भाकरी संपली की तो बोटाने मंजुळाला उत्तराच्या ताटाकडे दाखवायचा. पाहुणीचं काही कमी पडू दिलं नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. निघताना मंजुळा बाहेरपर्यंत आली. "राग मानू नका," ती म्हणाली. "त्यांना खलाशी गेल्यासारखं वाटतंय."

उत्तरालाही तसंच वाटत होतं, पण ते ती कुणाला सांगणार?

घरी आल्यावर तिने एकेक करून सगळी नावं मशीनमधून पुसली. शेवटी खलाशीचंही. दुसऱ्या दिवसापासून ती सात वाजता टेबलाशी बसायची, पडदा काळा आणि कोपऱ्यात चौकोनी ठिपका लुकलुकत. कमळाबाई येऊन बसायच्या, काही विचारायच्या नाहीत. गणपती येऊन गेले.

नवरात्रात एका संध्याकाळी फोन वाजला, मोडेमने किंचाळून तो घेतला आणि पडद्यावर आलं: "तांडेल आले आहेत." पाठोपाठ ओळ उमटली, नेहमीसारखी हळू. "खलाशी नको. तुजे नावान ये."

तिने पहिल्यांदाच खाडीवर आपलं नाव लिहिलं. उत्तरा.

"सोडू नको."

"नाही सोडणार."

ती खेळली, जशी कधीच त्याच्याशी खेळली नव्हती. त्याची गलबतं कुठे लपतात हे तिला पाठ होतं; तो उथळ कोपरे धरायचा, खऱ्या लाँचवाल्यासारखा. थोड्याच वेळात त्याचं शेवटचं गलबत बुडालं. पलीकडे सामसूम. फोन ठेवल्याचा खटका आता येईल म्हणून ती थांबली. मग अक्षरं आली: "ह्यो खरा." आणि त्यानंतर खटका.

पुढे वर्षभर तो येत राहिला. रोज नाही, आठवड्यात एकदा, कधी दोन आठवड्यांतून. सुरुवातीला दर वेळी विचारायचा, "खरा ना?" आणि ती लिहायची, "खरा." पूर्वीच्या गप्पा मात्र परत आल्या नाहीत. तो आमंत्रण द्यायचा नाही, तीही दाजींबद्दल काही लिहायची नाही. तो हरायचा, आणि खेळायचा. एका शनिवारी मात्र तो जिंकला. उत्तराने शेवटपर्यंत जीव तोडून गलबत वाचवायचा प्रयत्न केला होता, पण त्याने ते बरोब्बर गाठलं. पडद्यावर "बुडविला" वगैरे काही आलं नाही, लाईन तुटली. ती घाबरून बघत राहिली. पाच मिनिटांनी साधा फोन आला, मंजुळाचा. "अहो, काय झालं आज? बाबा आख्ख्या आळीत पाटी घेऊन फिरतायत. शेजाऱ्यांना चहा पाजा म्हणतायत!" उत्तरा हसली आणि मग रिसीव्हर ठेवल्यावर तिला रडू आलं. कमळाबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले, लसणाच्या हातानेच, त्यामुळे आणखी पाणी आलं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मुलगा कमळाबाईंना मस्कतला घेऊन गेला. गॅलरीतली वायर उत्तराने स्वतःच सोडवली आणि गुंडाळून त्यांच्या दाराच्या आत ठेवली. एकाच माणसाला एक लाईन पुरत होती. पावसाळ्यात मंजुळाने क्लासमध्ये इंटरनेट घेतलं. गुणाजीचे फोन आणखी कमी झाले. दिवाळीच्या सुमारास मंजुळाने फोन करून फराळाला बोलावलं. "बाबांनीच सांगितलंय," ती म्हणाली. म्हणून उत्तरा दुसऱ्यांदा डोंबिवलीला गेली.

गुणाजी मशीनसमोर बसला होता. गळ्याचा रुमाल तसाच, अंगाने मात्र उतरला होता. त्याने उठून तिला आपली खुर्ची दिली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. तिथेही गलबतांचाच खेळ होता, रंगीत, लाटा हलणाऱ्या. खाली एका कोपऱ्यात आकडा होता, आत्ता किती माणसं खेळताहेत त्याचा, हजारांत. त्याने बटन दाबलं. वाट बघावीच लागली नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच समोर गडी हजर.

उत्तरा खेळली. समोरचा कुठला, कोण, काहीच पत्ता नव्हता. नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे. पहिला डाव ती हरली. डाव संपता संपता समोरचा नाहीसा झाला आणि लगेच दुसरा आला. तो तिच्या तोडीचाच होता. शेवटपर्यंत झुंज झाली आणि ती जिंकली. खाली लिहायला जागा होती. तिने इंग्रजीत विचारलं, आपण कुठले? पण तोवर त्याचं नाव पुसून तिसरंच कुणीतरी आलं होतं. कुणी लावली ही जोडी, हे तिने शोधायचा प्रयत्न केला. पडद्यावर तसं कुणाचं नाव नव्हतं.

"छान जुळवतायत," ती म्हणाली. "मला कधी इतकं जमलं नाही."

गुणाजीने पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "ह्यांना सांगून काय उपेग नाय." मग थोडं थांबून खाली बारीक अक्षरांत, "खलाशीला सांगीत व्हतो."

उत्तराने ते वाचलं. तिला म्हणावंसं वाटलं, मला सांगा ना. ती समोरच बसली होती, हातभर अंतरावर. पण खलाशीला जे सांगायचं ते उत्तरा मणचेकरला कसं सांगायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि तिलाही. तिने मान डोलावली. मंजुळाने करंज्या आणल्या, चहा आणला. गुणाजीने ताट तिच्याकडे सरकवलं आणि या वेळी तिच्याकडे नीट बघितलं, तेवढंच.

अंधार पडायच्या आत ती निघाली. गुणाजी चपला घालून तिच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत आला. रस्त्यावर मुलं टिकल्या फोडत होती. दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. तिच्याकडे बोलायला काही नव्हतं आणि त्याला बोलता येत नव्हतं, पण बघणाऱ्याला ते एकाच घरातले वाटले असते. बस आली. ती चढली, कंडक्टरने घंटा मारली. खिडकीतून तिने पाहिलं तेव्हा तो पाठमोरा होऊन खाडीच्या बाजूला, घराकडे चालायला लागला होता. तिने कल्याणचं तिकीट काढलं आणि सुटे पैसे पर्समध्ये टाकून ती बाहेरचे आकाशकंदील बघत बसली.